नेट बदललं आणि दुकानाच्या सर्व्हरवर घरून जाता येत नाही, एसएसएच आणि आरडीपी दोन्ही बंद (नागपूर)

इतवारीवाला · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इतवारीतल्या एका किराणा ठोक पेढीच्या दोन सर्व्हरांची देखभाल माझ्याकडे आहे. एक लिनक्सचा, त्यावर बिलिंग आणि गोदामाचा साठा. दुसरा विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली. दुकान इतवारीत, गोदाम कळमन्याला आणि मी राहतो मानेवाड्याला.

मागच्या महिन्यापर्यंत जुन्या कनेक्शनवर स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, होता. राउटरमध्ये २२ (एसएसएच, म्हणजे लांबून लिनक्सला आज्ञा द्यायची सोय) आणि ३३८९ (आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, लांबून विंडोजचा पडदा) हे दोन पोर्ट, म्हणजे दारांचे नंबर, आतल्या मशीनकडे वळवून ठेवले होते. रात्री शेठजींचा फोन आला की मी घरूनच टर्मिनल उघडून काम करून द्यायचो. मग नवीन फायबर घेतलं. वेग चांगला, बिल कमी, शेठजी खूश. पण तेव्हापासून बाहेरून काहीच लागून नाही राहिलं. एसएसएच नुसतं थांबून राहते आणि शेवटी टाइम-आउट म्हणते. रिमोट डेस्कटॉपचंही तेच.

नवीन राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग जुन्यासारखंच केलं, दोनदा तपासलं. दुकानात बसून १९२.१६८.१.१० ला एसएसएच केलं तर लगेच लागते, म्हणजे सर्व्हर ठीक आहे. लिनक्सची फायरवॉल पाच मिनिटं बंद करून पाहिली, फरक नाही. डायनॅमिक डीएनएसचं नाव (पत्ता बदलला तरी तो शोधून देणारं) घेतलं. ते नाव बरोबर पत्त्याकडे जाते, पण त्या पत्त्यावर कोणी दार उघडत नाही. एक गोष्ट मात्र खटकली. ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर एक आकडा दिसते आणि राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.७८ ने सुरू होणारा वेगळाच.

येत्या ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचं आहे. दर वेळी मानेवाड्याहून इतवारीच्या गल्लीत गाडी घालायची म्हणजे काय असते ते इथल्या लोकांना सांगायला नको. मार्ग सुचवा.

काटोलरोड_कनेक्ट · सोमवार, रात्री १०.०५

राउटरमध्ये डीएमझेड नावाचा पर्याय असतो. त्यात सर्व्हरचा आयपी टाका, सगळे पोर्ट एकदम उघडतात. माझ्या कॅमेऱ्यांचं असंच चालू झालं होतं.

नागनदीकाठ · सोमवार, रात्री १०.३०

कृपया डीएमझेड करू नका. आज त्याचा उपयोग होणार नाही, आणि उद्या कधी स्थिर आयपी परत मिळाला तर त्या दिवसापासून अख्खा सर्व्हर उघड्यावर येईल. आपण डीएमझेड चालू केलं होतं हे तोवर कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

इतवारीवाला, तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. एकूण ४१,९४,३०४ पत्ते, आणि त्यातला एकही उघड्या इंटरनेटवर चालत नाही. म्हणजे तुमच्या राउटरच्या वर कंपनीचं आणखी एक नॅट, म्हणजे पत्ते बदलणारी सोय, बसलेलं आहे. याला कॅरियर ग्रेड नॅट किंवा सीजीनॅट म्हणतात. ‘माझा आयपी’ साइटवर दिसतो तो पत्ता तुमचा नाही, तुमच्यासारख्या अनेक ग्राहकांचा सामाईक आहे.

नॅट काय करतं ते कळमन्याच्या भाषेत सांगते, तुमचं गोदाम तिथेच आहे म्हणून. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या नावावर बाहेर जातो. खरेदीदाराला शेतकरी माहीत नसतो, त्याला अडत्या आणि लॉटचा नंबर ठाऊक असतो. पैसे आले की अडत्या आपली वही उघडतो, लॉट नंबरापुढे कोणाचं नाव आहे ते पाहतो आणि त्याला रक्कम देतो. राउटर हेच करतो. आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यावरचा, पत्ता पुसून स्वतःचा टाकतो, एक पोर्ट नंबर देतो आणि वहीत नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद पाहून आत पाठवतो. पण आतून कोणी काही मागितलंच नसेल आणि बाहेरून पाकीट आलं, तर वहीत नाव सापडत नाही आणि पाकीट तिथेच टाकून दिलं जातं.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या वहीत आपण आधीच करून ठेवलेली कायमची नोंद: २२ नंबरावर जे येईल ते लिनक्सला द्या. ती नोंद तुम्ही बरोबर केली आहे. पण आता तुमच्या अडत्याच्या वर आणखी एक मोठा अडत्या आहे आणि त्याच्या वहीत लिहायचा अधिकार तुम्हाला नाही. पाकीट तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही आत काहीही बदललं तरी फरक पडणार नाही, तेव्हा राउटरशी झगडणं आजच थांबवा.

हे असं का झालं तेही थोडक्यात. आयपी आवृत्ती ४ चे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसलं होतं. मे १९९४ मध्ये नॅटची कल्पना आरएफसी १६३१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) मध्ये लिहिली गेली ती तात्पुरता उपाय म्हणून. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये आपण घराघरांत वापरतो ते १०, १७२.१६ आणि १९२.१६८ चे खाजगी गट पक्के झाले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट वाटून संपले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या साठ्यावर रेशनिंग लागलं. तात्पुरता उपाय ३० वर्षांनंतरही चालू आहे आणि आता दोन मजली झाला आहे.

वाडी_ट्रान्सपोर्ट · मंगळवार, सकाळी ८.१५

आमच्या ऑफिसात हेच झालं होतं. कंपनीला अर्ज केला, महिन्याला थोडे पैसे जास्त भरून स्थिर आयपी मिळाला, जुनं फॉरवर्डिंग जसंच्या तसं चालू झालं. भाऊ, सोपा रस्ता आहे, एवढं डोकं कशाला लावता.

इतवारीवाला · मंगळवार, सकाळी ९.००

नागनदीकाठ ताई, मनापासून आभार. अडत्याच्या वहीवरून शेठजींनाही समजलं आणि ते स्थिर आयपीचे पैसे द्यायला तयार झाले. वाडीवाले दादा, मलाही तुमचाच रस्ता सरळ वाटून राहिला आहे. आजच अर्ज टाकतो.

धंतोली_रात्रपाळी · मंगळवार, दुपारी २.२०

अर्ज टाकायच्या आधी माझं ऐकून घ्या. मी एका रुग्णालयाचं संगणकाचं काम पाहतो, नाव सांगणार नाही. आमच्याकडे स्थिर आयपी होता, ३३८९ पोर्ट उघडा होता आणि ‘आजपर्यंत काही झालं नाही’ हा भरवसा होता. एका शनिवारी रात्री सगळ्या फायली एनक्रिप्ट झाल्या. बॅकअपची हार्डडिस्क त्याच मशीनला कायम जोडलेली होती, तीही गेली. पुढचे चार दिवस ओपीडी कागदाच्या केसपेपरवर चालली. जुन्या रुग्णांना मागचे रिपोर्ट घरून आणायला सांगावं लागत होतं. एका म्हाताऱ्या आजींना समजावताना मला जे वाटलं ते विसरत नाही.

नंतर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून बसलो. नोंद क्रमांक ४६२५ म्हणजे फसलेला लॉगिन. आठवडाभर रात्रंदिवस त्याच नोंदी, कधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावाने, कधी अकाउंट्स, कधी रिसेप्शन नावाने. मग शनिवारी रात्री एक ४६२४, म्हणजे लॉगिन जमलं. रिसेप्शनचा पासवर्ड रुग्णालयाचं नाव आणि १२३ असा होता.

दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. पहिली, आम्ही ३३८९ बदलून ३३८९० केला होता आणि त्यालाच सुरक्षा समजत होतो. अख्ख्या इंटरनेटचे पोर्ट चाळणारी यंत्रं दिवसरात्र चालू असतात. त्यांना पोर्टचा नंबर लागत नाही, पलीकडून आरडीपीचं उत्तर आलं की झालं. दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागली. आमचा राउटर फॉरवर्ड करताना पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलून स्वतःचा टाकत होता. त्यामुळे त्या हजारो नोंदींमध्ये हल्लेखोराचा पत्ता म्हणून १९२.१६८.०.१ दिसत होता, म्हणजे आमचाच राउटर. तक्रारीत लिहायला आमच्याकडे एकही बाहेरचा पत्ता नव्हता.

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. लॉग होते, पण त्यातून माणूस सापडत नव्हता.

वाडी_ट्रान्सपोर्ट · मंगळवार, दुपारी ३.०५

हे वाचून आमचा लॉग आत्ता उघडून पाहिला. ४६२५ च्या नोंदी आमच्याकडेही आहेत. आज सकाळपासूनच्या मोजल्या, तीनशेच्या वर. ३३८९ चं फॉरवर्डिंग आत्ता काढून टाकलं. आता मलाही दुसरा मार्ग पाहिजे.

खामला_तिसरेवर्ष · मंगळवार, सायंकाळी ५.४५

मी इंजिनिअरिंगला आहे. एक शंका. नॅट बाहेरची पाकिटं आत येऊ देत नाही, म्हणजे नॅट हीच फायरवॉल झाली ना? मग सीजीनॅटमुळे इतवारीवाले दादा उलट जास्त सुरक्षित झाले असं म्हणायचं का?

नागनदीकाठ · मंगळवार, रात्री ९.१०

चांगला प्रश्न विचारलास. परिणाम सारखा दिसतो, पण काम वेगळं आहे. फायरवॉलला आपण नियम देतो: याला येऊ दे, त्याला नको, याची नोंद ठेव. नॅट कोणालाही ‘नको’ म्हणत नाही. पाकीट कोणाला द्यायचं ते त्याला समजत नाही म्हणून ते पडून राहतं. आतल्या एखाद्या मशीनने चुकीच्या साइटवर जाऊन बाहेर जोडणी केली, तर नॅट आनंदाने वहीत नोंद करून तिचं उत्तर आत आणून देईल. शिवाय यूपीएनपी चालू असेल तर आतला कॅमेरा किंवा टीव्ही राउटरला सांगून स्वतःच कायमची नोंद करून घेतो आणि मालकाला पत्ताही नसतो.

ही गफलत आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी आवृत्ती, आल्यावर अंगाशी येते. तिथे पत्ते मुबलक, प्रत्येक मशीनला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता, नॅटची गरजच नाही. नॅटलाच भिंत समजणारा तिथे फायरवॉल लावायला विसरतो. इतवारीवाले, तुमच्या नवीन कनेक्शनवर आयपीव्ही६ असेल तर लिनक्सला तसा पत्ता मिळालाही असेल. एकदा पाहून घ्या. आणि ती फायरवॉल पाच मिनिटांसाठी बंद केली होती ना, ती परत चालू केली आहे का तेही पाहा.

धंतोलीकर दादांनी लिहिलं ते धरून मी एकच सांगेन. बाहेरून आत येणारं दार पाडण्याऐवजी आतून बाहेर जाणारी वाट वापरा. सीजीनॅट बाहेरून येणाऱ्याला अडवतं, आतून जाणाऱ्याला नाही. कुठल्याही होस्टिंगवाल्याकडे एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या, त्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो. दुकानातला लिनक्स त्याच्याशी आतून जोडणी करून ती कायम उघडी ठेवेल. तुम्ही घरून त्याच व्हीपीएसला जोडाल. दोघांची भेट मधल्या जागी होते आणि दुकानाच्या राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही. स्थिर आयपीचीही गरज उरत नाही.

याचे दोन प्रकार आहेत. एक, एसएसएचचाच उलटा बोगदा, उणे-आर पर्याय वापरून. एक-दोन पोर्टांसाठी पटकन होतो, पण नेट तुटलं की परत उभा करायला काहीतरी पहारा लागतो. दुसरा वायरगार्ड, म्हणजे मशीनमशीनमध्ये कुलूपबंद बोगदा करणारं साधन. हा मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीपासून कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे, मांडणी अगदी लहान, आणि किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त फाइल) नसलेल्याने पाकीट पाठवलं तर तो उत्तरच देत नाही. पोर्ट चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. कायमच्या कामासाठी मी वायरगार्डच सांगेन.

इतवारीवाला · मंगळवार, रात्री १०.२०

ताई, फायरवॉल बंदच राहिली होती! आत्ता दुकानातल्या पोराला फोनवर एकेक अक्षर सांगून चालू करून घेतली. स्थिर आयपीचा अर्ज मागे घेतला. मुंबईतल्या डेटा सेंटरचा व्हीपीएस आज घेतो.

बुटीबोरी_पॅनेल · बुधवार, सकाळी ७.३०

वायरगार्ड लावताना ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवजा, हे मुख्य आहे. काहून ते सांगतो. नॅटच्या वहीतली नोंद कायमची राहत नाही. काही वेळ पाकीट गेलं-आलं नाही की राउटर ती पुसून टाकते. यूडीपीची (वायरगार्ड वापरते त्या प्रकारच्या पाकिटांची) नोंद तर काही राउटर अर्ध्या मिनिटात पुसतात. एकदा नोंद गेली की व्हीपीएसकडून दुकानाकडे येणारी वाट बंद. दर २५ सेकंदाला छोटंसं पाकीट जात राहिलं तर नोंद जिवंत राहते.

साध्या एसएसएचलाही हेच दुखणं आहे. आमच्या प्लांटमध्ये टर्मिनल उघडं ठेवून चहाला गेलो की परत येईपर्यंत गोठलेलं राहायचं. बटण दाबा, काहीच नाही. लोक सर्व्हरला नावं ठेवत होते, दोष मधल्या नॅटचा होता. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये टीसीपीची (एसएसएच ज्यावर चालते ती) चालू जोडणी २ तास ४ मिनिटांच्या आत पुसू नये असं लिहिलेलं आहे, काहून की टीसीपीची स्वतःची हालहवाल विचारायची वेळ २ तासांची असते. पण कितीतरी उपकरणं ते पाळत नाहीत. उपाय सोपा: क्लायंटच्या मांडणीत ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ३० करा.

आणि भाऊ, लांबचं काम नेहमी टीमक्सच्या आत करत जा. मे महिन्यात भर दुपारी डेटाबेसची आवृत्ती बदलून राहिलो होतो, माझ्याकडची लाइट गेली, जोडणी तुटली आणि काम अर्ध्यात मेलं. रात्री दोनपर्यंत टेबलं दुरुस्त करत बसलो. टीमक्स असतं तर सर्व्हरवर काम चालू राहिलं असतं, लाइट आल्यावर फक्त परत जाऊन बसायचं.

रामदासपेठ_लेखा · बुधवार, सकाळी ११.००

आमचं सीए ऑफिस आहे, टॅलीबद्दल थोडं विचारते. एका विंडोज ११ प्रो मशीनवर आमचे तिघं एकाच वेळी रिमोटने बसू शकतील का? कोणीतरी एक फाइल बदलून तसं करून देतो म्हणाला.

धंतोली_रात्रपाळी · बुधवार, दुपारी १.३०

ताई, ते करून घेऊ नका. विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो, होम आवृत्तीवर तर बाहेरून येताच येत नाही. फाइल बदलणं परवान्याच्या विरुद्ध आहे आणि पुढच्या अपडेटला मोडतं. मग लोक अपडेटच बंद करतात आणि खरा धोका तिथून सुरू होतो. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची खोट निघाली, तिला पासवर्डही लागत नव्हता. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने केव्हाच सोडून दिलेल्या एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीसुद्धा दुरुस्ती काढली. अपडेट बंद ठेवलेल्याला ती मिळाली नसती. विंडोज सर्व्हरवर देखभालीपुरत्या दोन जोडण्या मिळतात, त्यापुढे प्रत्येकासाठी आरडीएसचा (रिमोट डेस्कटॉप सेवेचा) परवाना घ्यावा लागतो.

इतवारीवाला · गुरुवार, रात्री ११.१५

अर्धं जमलं, अर्धं अडलं. व्हीपीएसवर वायरगार्ड लावला, फक्त यूडीपी ५१८२० उघडा ठेवला. दुकानातल्या लिनक्सला १०.८.०.२ दिला, माझ्या लॅपटॉपला १०.८.०.३. घरून १०.८.०.२ ला एसएसएच केलं आणि टर्मिनल उघडलं! महिन्याभराने घरातून दुकानाचा प्रॉम्प्ट पाहिला, खूप बरं वाटलं. पण विंडोजच्या १९२.१६८.१.२० ला रिमोट डेस्कटॉप लागत नाही. लिनक्सवर पाकिटं पुढे पाठवायची सोय, म्हणजे आयपी फॉरवर्ड, चालू केली आहे.

नागनदीकाठ · गुरुवार, रात्री ११.४०

तुमच्या घरच्या वायफायचा गट, म्हणजे आतल्या पत्त्यांची सुरुवात, कोणता आहे?

इतवारीवाला · गुरुवार, रात्री ११.४४

१९२.१६८.१ च.

नागनदीकाठ · शुक्रवार, सकाळी ६.५०

मग लॅपटॉपला वाटतं की १९२.१६८.१.२० हे मशीन घरातच आहे. तो ते घरच्या वायफायवर शोधतो, पाकीट बोगद्यात जातच नाही. दोन्ही टोकांना एकच गट चालत नाही. दुकानाचा गट बदला, आणि १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ सोडून काहीही घ्या, ते दोन निम्म्या गावाकडे असतात. १९२.१६८.५७ घ्या. प्रिंटर आणि बारकोडच्या मशीनला हाताने टाकलेले पत्ते असतील तर तेही बदलावे लागतील, रविवारी दुकान बंद असताना करा.

मग पुढची अडचण येईल, ती आत्ताच सांगते. तुमचं पाकीट लिनक्समधून विंडोजला पोहोचेल. विंडोज उत्तर देताना पाहील की १०.८.०.३ हा पत्ता आपल्या गटातला नाही, आणि उत्तर राउटरकडे देईल. राउटरला १०.८.० कुठे आहे ते माहीत नाही. उत्तर तिथेच हरवेल. यावर बहुतेक लिखाणात लिनक्सवर मास्करेड (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून स्वतःचा टाकणं) लावा असं सांगतात. ते चालतं, पण त्याने प्रत्येक जोडणी लिनक्सच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसेल, म्हणजे धंतोलीकर दादांच्या लॉगसारखं होईल. त्यापेक्षा राउटरमध्ये एक स्थिर रूट (वाटेची कायमची नोंद) टाका: १०.८.० साठी लिनक्सकडे जा. मग टॅलीच्या मशीनवर कोण कधी आलं ते खऱ्या पत्त्यानिशी दिसेल.

काटोलरोड_कनेक्ट · शुक्रवार, सकाळी ९.२०

धंतोलीकरांची पोस्ट वाचून माझं डीएमझेड काल काढून टाकलं. एक शंका आहे. सगळं त्या व्हीपीएसवरून जाणार, आणि तोच कोणी फोडला तर?

नागनदीकाठ · शुक्रवार, दुपारी १२.४५

योग्य शंका आहे. वायरगार्डचं कुलूप व्हीपीएसवर उघडतं आणि पुढच्या टप्प्यासाठी परत लागतं, म्हणून मधल्या मशीनवर बसलेल्याला पाकिटं दिसू शकतात. पण त्या पाकिटांच्या आत एसएसएच आणि आरडीपीचं स्वतःचं कुलूप असतंच. म्हणून पहिल्यांदा जोडताना टर्मिनल सर्व्हरच्या किल्लीचा जो ठसा (ओळखखूण) दाखवतं तो नुसतं ‘यस’ म्हणून सोडू नका. दुकानात बसून सर्व्हरचा ठसा वहीत लिहून घ्या आणि ताडून पाहा. एसएसएच जन्मालाच यातून आलं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, तेव्हा तिथल्या ततू इलोनेन यांनी ते लिहिलं. टेलनेटचा २३ आणि एफटीपीचा २१, त्यांच्या मधला २२ त्यांना मिळाला.

व्हीपीएसवर आणि दुकानातल्या लिनक्सवर पासवर्डचं लॉगिन बंद करा, फक्त किल्ली. रूटला (सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याला) थेट येऊ देऊ नका. आणि अपडेट वेळेवर करा, कारण दाराचं कुलूपसुद्धा सडू शकतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत मागचं दार घुसवलेलं सापडलं, ते काही लिनक्सवर एसएसएचपर्यंत पोहोचत होतं. आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले म्हणून ते उघडकीला आलं.

आणखी एक. किल्ली माणसागणिक वेगळी करा. एकच किल्ली चौघांना वाटू नका.

इतवारीवाला · रविवार, रात्री ८.३०

आज सकाळी आठपासून दुकानात होतो. गट बदलून १९२.१६८.५७ केला. दोन प्रिंटर, एक बारकोडचं मशीन आणि एक जुना वजनकाटा, सगळ्यांचे पत्ते हाताने बदलले. कंपनीच्या राउटरमध्ये स्थिर रूट टाकायची सोयच नाही, म्हणून तो रूट विंडोजवरच कायमचा टाकला. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ३३८९ फक्त १०.८.० आणि दुकानाच्या गटाला उघडा ठेवला, बाकी सगळ्यांना बंद.

घरी आल्यावर रिमोट डेस्कटॉप लागला, पण लॉगिननंतर काळा पडदा. एसएसएचमध्येही दोन ओळींचं उत्तर यायचं आणि मोठी यादी मागितली की टर्मिनल गोठायचं. कोणाला माहीत आहे का?

बुटीबोरी_पॅनेल · रविवार, रात्री ९.०५

एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) आहे ते. छोटं पाकीट जाते, मोठं अडकते. वायरगार्ड १४२० धरून चालते, म्हणजे १५०० मधून स्वतःचे ८० वजा. पण तुमचं फायबर पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडायच्या पद्धतीवर) असलं तर तिथे आणखी ८ जातात. दोन्हीकडे १३८० करून पाहा, नाहीच जमलं तर १२८०.

इतवारीवाला · रविवार, रात्री ९.३२

१३८० केलं. टॅली उघडली! आत्ता मानेवाड्यात बसून दुकानाचं विक्री रजिस्टर पाहून राहिलो आहे.

किल्ल्यांचं काम करताना एक गोष्ट समोर आली, ती इथे लिहिणं मला गरजेचं वाटते. जुन्या लिनक्सवर चार किल्ल्या होत्या. एक माझी, एक शेठजींच्या मुलाची. बाकी दोन कोणाच्या ते शोधायला दुपार गेली. एक ज्याने बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवलं त्याची, दुसरी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनीसाची. पोर्ट २२ जगाला उघडा होता आणि त्या दोघांना आजपर्यंत कधीही आत येता आलं असतं. दोघंही भले माणूस आहेत, पण त्यांचे लॅपटॉप आता कोणाकडे आहेत ते मला कसं कळणार? त्या मशीनवर शेठजींच्या उधारीचं सगळं खातं आहे, विदर्भातल्या शेकडो छोट्या दुकानदारांची नावं आणि बाक्या. ती माणसं शेठजींच्या शब्दावर माल नेतात. दोन्ही किल्ल्या काढल्या, शेठजींना सांगूनच काढल्या.

धंतोली_रात्रपाळी · रविवार, रात्री १०.१०

फार चांगलं काम केलंत. आता बॅकअपची एक डिस्क अशी ठेवा जी काम झालं की मशीनपासून काढून कपाटात जाते. तेवढं आज-उद्याच करा.

वाडी_ट्रान्सपोर्ट · सोमवार, सकाळी १०.००

तुमचं वाचून वाचून मीही तोच मार्ग धरला. माझा गट आधीच वेगळा होता, त्यामुळे दोन तासांत झालं. स्थिर आयपी पुढच्या महिन्यापासून बंद करायला सांगितलं.

इतवारीवाला · सोमवार, रात्री ९.५०

डिस्क आणली, आजचा बॅकअप घेऊन शेठजींच्या कपाटात ठेवली. आता उद्या कळमन्याच्या गोदामाचा संगणक तिसरा म्हणून जोडायचा आहे. तिथे सिमवरचं नेट आहे, तेही सीजीनॅटमागेच असणार. कीपअलाइव्ह २५ आणि एमटीयू १३८० आधीच लिहून ठेवलं.

नागनदीकाठ · सोमवार, रात्री १०.०५

गोदामाच्या राउटरचा गट पाहिला का?

इतवारीवाला · सोमवार, रात्री १०.२०

तिथल्या पोराला फोन करून आत्ता पाहायला सांगितलं. १९२.१६८.१ च आहे. उद्या सकाळी आधी तोच बदलतो, मग बाकीचं.